रोग्याच्या उशाशी कोण?

परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पेडगाव नावाचे एक लहानसे स्टेशन आहे. त्या बाजूच्या कोणाचे दुखणे अवघड झाले म्हणजे परभणीची वाट धरावी लागते. आणि परभणीस २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाल्यापासून डॉक्टरांची वाण पुढेमागे कमी होईल, अशी आशा लोकांस वाटू लागली आहे. ही आशा रास्तच आहे. परंतु डॉक्टर रोग्यापाशी असतो तो घटकाभर. बाकीच्या अष्टौप्रहरांत त्याच्या उशाशी कोण असते, हा प्रश्न आमच्यापैकी कितीजणांनी मनास विचारला आहे?

शहरांतील पुष्कळशा लहान रुग्णालयांत याचे उत्तर असे मिळते की, खेड्यातून आलेली एखादी दहावी-बारावी झालेली मुलगी. तिला एक पांढरा अंगरखा देतात, रोगी तिला ‘सिस्टर’ म्हणू लागतात, आणि चार-सहा महिन्यांत तिच्या हाती सुईही येते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! यात त्या मुलीचा दोष काडीमात्र नाही. दोष आहे तो तिला काहीही न शिकविता सर्व काही करावयास लावणाऱ्यांचा, आणि ते मुकाट्याने चालू देणाऱ्या तुम्हां-आम्हां नागरिकांचा.

या विषयात नावांचा फार घोटाळा आहे, तो आधी दूर केला पाहिजे. परिचारिका म्हणजे रीतसर अभ्यासक्रम पुरा करून राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदलेली व्यक्ती. गावोगावच्या उपकेंद्रांत दिसणारी सहायक परिचारिका प्रसाविका, जिला लोक ‘एएनएम’ म्हणतात, तिचाही बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून तिचीही नोंदणी होते. या दोघींहून निराळा असा तिसरा वर्ग शुश्रूषा-साहाय्यकांचा. परिचारिकेच्या देखरेखीखाली रोग्याच्या देहाची नित्य काळजी घेणे, एवढेच त्याचे काम.

‘एवढेच’ म्हटले खरे, पण ते थोडके नव्हे. अंथरुणास खिळलेल्या माणसास न दुखविता स्नान घालणे, चादरीस चुणी न ठेवणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून डोके उंच करून घास भरविणे, ताप व नाडी पाहून लिहून ठेवणे, लघवीचे मान कमी झाले तर तत्काळ कळविणे, एका रोग्यास शिवल्यावर हात धुतल्यावाचून दुसऱ्यास न शिवणे, ही त्याची कर्तव्ये होत. २०१६ च्या नियमांप्रमाणे घाण झालेली मलमपट्टी पिवळ्या पिशवीत, नळ्या लाल पिशवीत आणि सुया न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकावयाच्या, हेही त्यास ठाऊक हवे. आणि सर्वांत मोठे कर्तव्य हे की, औषधाची मात्रा ठरविणे व सुई टोचणे हे आपले काम नव्हे, असे निर्भयपणे सांगता आले पाहिजे.

ही कामे क्षुल्लक वाटत असतील त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयाकडे पाहावे. तेथील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ साली झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर कधीच उठल्या नाहीत. २०१५ साली त्यांचा अंत झाला. तोवर बेचाळीस वर्षे तेथील परिचारिकांनी व सेवकवर्गाने त्यांची सेवा केली. इतक्या दीर्घ काळात त्यांस एकदाही शय्याव्रण झाले नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात घेतली आहे. औषधांनी जे साधले नसते ते शिकलेल्या हातांनी साधले.

आता न शिकलेल्या हाताचे फळ पाहा. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या एका खटल्यात, विषमज्वराने आजारी असलेल्या बालकाच्या शिरेत भलतेच औषध टोचले गेले व त्याचा मेंदू कायमचा निकामी झाला. टोचणारीची नोंदणी कोणत्याही परिचर्या परिषदेत नव्हती. न्यायालयाने रुग्णालयास जबाबदार धरून बालकास साडेबारा लाख व आईबापांस पाच लाख रुपये देवविले. रुपयांनी मेंदू परत येत नाही, हे सांगावयास नकोच. पण ज्यांस केवळ हिशेबाचीच भाषा कळते त्यांनी हा हिशेब तरी मांडावा.

मग हे शिक्षण आजवर उपेक्षित का राहिले? आमच्या मते त्याचे कारण दारिद्र्यापेक्षा दृष्टीत अधिक आहे. जे काम घरी सून करते तेव्हा आम्ही त्यास सेवाधर्म म्हणतो, तेच काम परकी बाई पगार घेऊन करू लागली की आम्हांस हलके वाटते. मलमूत्राचा स्पर्श विटाळाचा, म्हणून तो करणारा माणूसही खालचा, ही जातिभेदाचीच शाखा होय. वस्तुतः याच महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी देह ठेविला. याच महाराष्ट्रात १९०९ साली पुण्यास सेवासदन उभे राहिले आणि रमाबाई रानडे यांनी तरुण विधवांस परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडिले. त्या काळच्या निंदकांची नावे आज कोणास आठवतही नाहीत.

शिकलेली माणसे पगार अधिक मागतील, असा आक्षेप व्यापारी मंडळी घेतील. अवश्य मागतील, व त्यांनी मागावाच! दुकानातील तराजू खोटा निघाला तर तुम्ही तो स्वस्त पडला म्हणून ठेवीत नाही. मग वडिलांच्या उशाशी बसविण्याच्या माणसाविषयीच काटकसर का?

आमच्या सूचना थोड्या आहेत. जिल्ह्याच्या रुग्णालयात शुश्रूषा-साहाय्यकांचे वर्ग नियमित चालावेत व त्यांत पेडगावसारख्या गावांतील मुलामुलींस प्रथम जागा मिळावी. परिचारिका कोण व साहाय्यक कोण, हे छातीवरील पट्टीवर स्पष्ट मराठीत लिहिलेले असावे. प्रत्येकास लेखी नेमणूक, कायद्याप्रमाणे किमान वेतन आणि कावीळ-ब ची लस मिळावी. आणि इच्छा असणारास पुढे परिचारिका होण्याची वाट मोकळी असावी. धर्मादाय संस्थांच्या विश्वस्तांनी एखादी धर्मशाळा कमी बांधली व त्या पैशांतून दहा मुलींचे शिक्षण केले, तर पुण्यात तूट येणार नाही.

आणि सरकारची वाट न पाहता प्रत्येक वाचकास आजच करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. आपला आप्त रुग्णालयात असेल तर सुई घेऊन येणाऱ्या व्यक्तीस नम्रपणे विचारावे, ‘ताई, आपली नोंदणी आहे ना?’ हा प्रश्न तिच्या अपमानाचा नाही. तो तिच्या धन्यास आहे. शंभर तोंडांनी तो विचारला जाऊ लागला म्हणजे शिक्षणाचे वर्ग उघडावयास मुहूर्त शोधावा लागणार नाही.