लग्नाच्या अर्जाला रक्ताचा दाखला?

विवाहपूर्व शिबिराच्या प्रमाणपत्राबरोबर वधूवरांनी एचआयव्हीच्या तपासणीचा अहवालही धर्मग्रामाच्या कार्यालयात सादर करावा, अशी मागणी आमच्या वसईच्या समाजात अधूनमधून डोके वर काढते. कधी ती पालकांच्या सभेत होते, कधी एखाद्या धर्मगुरूबंधूच्या तोंडून जेवणाच्या मेजावर ऐकू येते. मागणी करणारे दुष्ट नसतात. आपल्या लेकीचे वाटोळे होऊ नये असे कोणत्या आईबापांना वाटणार नाही? परंतु हेतू चांगला असला म्हणजे उपाय चांगला असतोच असे नाही. मी हे अधिकाराने लिहीत आहे, कारण हा उपाय मी स्वतः एकदा करून पाहिला आहे.

गोष्ट २००१ सालची. मी तेव्हा सहायक धर्मगुरू होतो, नवा होतो आणि आपण फार व्यवहारी आहोत अशी माझी समजूत होती. बोटीवर नोकरी करणारा एक तरुण लग्नाची नावे देण्यासाठी आला. मुलीच्या वडिलांनी आदल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितले होते, ‘फादर, बोटीवरचा पोरगा आहे. तुम्हीच तपासणी करायला सांगा. आम्ही सांगितले तर नाते दुखावेल.’ मी सांगितले. मुलगा निमूटपणे गेला आणि आठवडाभराने त्याने बंद पाकीट आणून कार्यालयात दिले. मी घरी नव्हतो. कार्यालयातल्या माणसाने इतर टपालाबरोबर तेही फोडले. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेच्या वेळी चर्चच्या आवारात त्या पाकिटातला मजकूर ठाऊक नसलेला माणूस बहुधा मी एकटाच होतो.

लग्न मोडले. त्या मुलाच्या बहिणीचे ठरत आलेले लग्नही मोडले. तिच्या रक्ताशी कोणाचा काय संबंध होता, देव जाणे. मुलगा गाव सोडून मावशीकडे राहावयास गेला आणि तेथे ओळख लागू नये म्हणून इस्पितळाची पायरी चढला नाही. २००३ साली क्षयाने त्याचा अंत झाला. त्याचे दफन मीच केले. सरकारी रुग्णालयांतून या रोगावरील औषधे मोफत मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून. आमच्या मुंबईतल्या जे. जे. रुग्णालयाचा पहिल्या केंद्रांत समावेश होता. एका वर्षाचा प्रश्न होता, असे मी पुष्कळदा मनाशी म्हणतो.

‘पण फादर, मुलगी वाचली ना?’ असा प्रश्न मला विचारण्यात येतो, आणि तो रास्त आहे. ती वाचली आणि मला त्याचा आनंद आहे. त्या मुलाने आजार लपवून लग्न केले असते तर ते पाप ठरले असते, शिवाय कॅनन लॉच्या १०९८ व्या कलमाखाली त्या विवाहाच्या वैधतेचाच प्रश्न उभा राहिला असता. फसवणुकीची तरफदारी मी करीत नाही. परंतु तीच मुलगी दुसऱ्या वाटेनेही वाचली असती. त्या दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जावे, त्याने त्याला बंद खोलीत निकाल सांगावा आणि त्यानेच, धीर देऊन घेतल्यावर, तिला सांगावे. मुलगी वाचली असती आणि मुलगाही कदाचित वाचला असता. मधे माझे कार्यालय नसते, एवढाच फरक.

आता सक्तीच्या तपासणीच्या हिशेबाकडे वळू. हा प्रयोग जगात झालेला आहे आणि त्याचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेले आहेत. ते वाचण्याची तसदी मात्र आपण घेत नाही. अमेरिकेच्या इलिनॉय राज्याने १९८८ साली विवाहपरवान्यासाठी ही तपासणी सक्तीची केली. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ अर्जदारांची तपासणी झाली. बाधित निघाले आठ. खर्च झाला अंदाजे पंचवीस लाख डॉलर. म्हणजे एका बाधित माणसाचा शोध लागण्यास तीन लाखांहून अधिक डॉलर पडले. आणि त्या अवधीत राज्यातील विवाहपरवाने शेकडा साडेबावीसने घटले. लोकांनी लग्ने करणे थांबविले काय? मुळीच नाही. ते शेजारच्या राज्यांत जाऊन लग्ने लावू लागले. दुसऱ्याच वर्षी राज्याने कायदा गुंडाळला. आपल्याकडे गोवा सरकारनेही २००६ साली अशा सक्तीचा विचार बोलून दाखविला होता. आम्ही सक्ती केली तर आमची तरुण मंडळी कोठे जातील? नोंदणी कार्यालय वसईतही आहे आणि तेथे पाकीट मागत नाहीत.

शिवाय एक साधे गणित आहे, ते शाळेतल्या मुलालाही सुटावे. भारतात प्रौढ लोकसंख्येत या विषाणूचे प्रमाण साधारण हजारी दोन आहे. समजा, तपासणी शेकडा साडेनव्याण्णव बिनचूक आहे. मग हजार वधूवरांत दोन खरे बाधित सापडतील आणि सुमारे पाच निरोगी माणसांवरही ‘बाधित’ असा शिक्का पडेल. म्हणूनच सरकारी केंद्रांत वेगवेगळ्या पद्धतींच्या तीन तपासण्या झाल्याशिवाय कोणाला बाधित ठरवीत नाहीत. गल्लीतल्या प्रयोगशाळेचा एकाच तपासणीचा कागद घेऊन आमच्याकडे येणाऱ्यांपैकी ते पाच कोण, हे मी कोणत्या दैवी ज्ञानाने ओळखावे? उलट नुकतीच लागण झालेल्या माणसाची तपासणी पहिले काही आठवडे निर्दोष येऊ शकते. म्हणजे या कागदावर विसंबणारा दोन्ही बाजूंनी फसतो.

पण याहूनही मोठी फसगत पुढेच आहे. पुण्याच्या लैंगिक रोगांच्या चिकित्सालयांत येणाऱ्या स्त्रियांचा डॉ. गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला आणि तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी शेकडा १३.६ बाधित होत्या. अभ्यासाच्या शीर्षकातच विवाहित, एकनिष्ठ स्त्रियांचा उल्लेख आहे. या घरसंसारी स्त्रियांचा दोष कोणता? नवऱ्याबरोबर राहणे, एवढाच. लग्नाच्या दिवशी नवऱ्याचे रक्त स्वच्छ असल्याचा कागद पेटीत जपून ठेवला असता तरी तो त्यांच्या काय उपयोगी पडला असता? वेदीसमोर दिलेले वचन पुढची चाळीस वर्षे पाळावयाचे असते. ते पाळले जाईल की नाही, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगत नाही. ज्याला आपल्या जावयाची खात्री हवी आहे त्याला कागद देऊन आपण खोटी खात्री विकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, फादर, हा प्रश्न डॉक्टरांचा, तुम्ही कशाला पडता? बंधूंनो, मी पडत नाही, मला ओढण्यात येत आहे. लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात कातडीवरचा डाग पाहून माणूस शुद्ध की अशुद्ध हे ठरविण्याचे काम याजकाकडे सोपविलेले आहे. ज्याला तो अशुद्ध ठरवी त्याने वस्तीबाहेर राहावयाचे. प्रभू येशूने त्या वस्तीबाहेरच्या माणसाला हात लावला, आणि मग त्याला याजकाकडे पाठविले ते परत आत घेतले जावे म्हणून. आम्ही मात्र तेराव्या अध्यायातले जुने काम पुन्हा मागून घेण्यास निघालो आहोत.

आणि वस्तीबाहेर काढणे म्हणजे काय, हे आपल्या शेजारच्या गोव्याने पाहिले आहे. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी धरून नेले. गुन्हा कोणता? तो वरचेवर रक्तदान करीत असे आणि त्या रक्तात विषाणू आढळला होता. त्याला काय झाले आहे हेसुद्धा कोणी धड सांगितले नाही. क्षयरोग्यांच्या एका जुन्या रुग्णालयात त्याला ६४ दिवस एकट्याला डांबून ठेवण्यात आले. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, उच्च न्यायालयात दाद मागितली, तरी न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. डॉमिनिकने पुढे बाधितांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ च्या मे महिन्यात त्याचे निधन झाले. तो आपल्याच समाजाचा होता. त्याच्या अटकेची बातमी वाचून तेव्हा आमच्यापैकी किती जणांना संताप आला आणि किती जणांना सुटल्यासारखे वाटले, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

न्यायालयांनाही शहाणपण सावकाशच आले. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात बाधित माणसाचा विवाहाचा हक्क स्थगित राहतो असा अभिप्राय दिला होता. २००२ साली त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो भाग निष्प्रभ केला. २०१७ च्या कायद्याने, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, समजून उमजून दिलेल्या संमतीवाचून तपासणी करण्यास मनाई केली आहे. ‘दाखला आणा, नाहीतर लग्न नाही’ असे म्हटल्यावर मिळते ती संमती कसली? कॅनन लॉच्या १०५८ व्या कलमाप्रमाणे ज्याला कायद्याने मनाई नाही तो विवाह करू शकतो, आणि विवाहातील अडथळ्यांच्या यादीत हा रोग कोठेही नाही. रोमने जो अडथळा घातला नाही तो धर्मग्रामाच्या कारकुनाने घालावा काय?

आता जे सांगावयास हवे ते आपण सांगतच नाही. २०११ साली एका मोठ्या संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांचा त्यात समावेश होता; प्रत्येक जोडप्यात एक जण बाधित होता, एक नव्हता. आपली पुण्याची आणि चेन्नईची केंद्रे त्यात होती. बाधिताला लवकर औषधे सुरू केली तर जोडीदाराला होणारी लागण शेकडा ९६ ने घटते, असे दिसून आले. त्यानंतरच्या अभ्यासांनी तर हे निश्चित केले आहे की, नियमित औषधांनी रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. अशी माणसे लग्न करतात, त्यांना निरोगी मुले होतात. ही सुवार्ता आहे, आणि माझ्या माहितीत एकाही व्यासपीठावरून ती सांगितली गेलेली नाही. आमच्या शाळांविषयी तर बोलूच नये. २००७ साली महाराष्ट्रात लैंगिक शिक्षणावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि ते शिक्षण बंद पाडण्यात आले, तेव्हा आम्हा शाळाचालकांपैकी अनेकांनी हळूच निःश्वास सोडला. जबाबदारी टळली होती. ज्या मुलांना आम्ही आठवीत काही सांगितले नाही त्यांच्याकडून पंचविसाव्या वर्षी आम्ही रक्ताचा दाखला मागणार.

तपासणी करूच नका असे माझे म्हणणे नाही. प्रत्येक जोडप्याने ती करावी, असे मी शिबिरात कळकळीने सांगतो. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन केंद्रांत ती मोफत होते, नाव गुप्त राहते आणि निकाल ज्याचा त्याला मिळतो. माझ्या धर्मग्रामातील शिबिरात आता एक सबंध तास अशा केंद्रातील समुपदेशकासाठी राखलेला असतो. मी त्या वेळी बाहेर व्हरांड्यात बसतो, कारण कॉलर पाहिली की मुले प्रश्न विचारीत नाहीत. मागच्या शिबिरात तो तास पावणेदोन तास चालला आणि जेवण थंड झाले. किती जोडपी नंतर तपासणीला गेली हे मला ठाऊक नाही आणि मी विचारलेलेही नाही. मध्यंतरी एका गृहस्थांनी भावी जावयाचा अहवाल पाकिटात घालून माझ्याकडे आणला, ‘फक्त बघून ठेवा’ म्हणाले. मी ते न उघडता त्यांच्या हाती परत दिले आणि ज्याचे आहे त्याला आजच नेऊन द्या, असे सांगितले. ते रागावून गेले. लग्न पुढच्या महिन्यात आहे.