ॲप बंद पडेल, वायर नाही! घरच्या स्टिरिओला सराउंड स्पीकर जोडण्याआधी हे वाचा

बोस कंपनीने ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केलं की साउंडटच मालिकेतल्या स्पीकर्सचा क्लाउड सपोर्ट बंद होणार. तारीख दिली 18 फेब्रुवारी 2026. ही मालिका 2013 मध्ये बाजारात आली होती. साहजिकच ग्राहक भडकले. महागडा स्पीकर धडधाकट आहे आणि कंपनी म्हणते ॲप विसरा, हे कुणाला पटेल? शेवटी जानेवारी 2026 मध्ये कंपनी थोडी नमली. मुदत 6 मेपर्यंत वाढवली आणि एपीआयची माहिती सगळ्यांसाठी खुली केली.

या सगळ्या गोंधळात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून स्पष्ट होती: ऑक्स, एचडीएमआय आणि ब्लूटूथवरून हे स्पीकर वाजतच राहणार. म्हणजे जे सर्व्हरवर अवलंबून होतं ते गेलं, जे सॉकेटवर अवलंबून होतं ते टिकलं. म्हणूनच माझं मत असं की नवे स्पीकर घेताना वॉट आणि ॲपच्या आधी मागची बाजू बघावी. घरात जुना स्टिरिओ असेल आणि त्याला पॉवर्ड सराउंड स्पीकर जोडायचे असतील, तर हे आणखीच लागू होतं.

पॉवर्ड म्हणजे नक्की काय?

ज्या स्पीकरच्या पोटातच ॲम्प्लिफायर असतो, तो पॉवर्ड स्पीकर. त्याला विजेची वायर वेगळी लागते. जुन्या स्टिरिओचे स्पीकर मात्र बहुतेक वेळा पॅसिव्ह असतात. त्यांना ताकद स्टिरिओतला ॲम्प देतो.

गडबड इथेच होते. स्टिरिओच्या मागे लाल-काळी टोकं दिसतात आणि आपल्याला वाटतं, इथूनच नव्या स्पीकरला वायर देऊ. थांबा! 8 ओहमच्या स्पीकरला 50 वॉट देणारा ॲम्प त्या टोकांवर सुमारे 20 व्होल्ट काढतो. पॉवर्ड स्पीकरच्या लाइन इनपुटची अपेक्षा असते साधारण 0.3 ते 2 व्होल्टची. आवाज फाटेल हे नक्की, आणि इनपुट जळूही शकतं.

मग जोडायचं कुठून?

आधी स्टिरिओच्या मागे 'प्री-आउट' लिहिलेलं सॉकेट शोधा. मिळालं तर उत्तम. साधी आरसीए केबल लावा, काम झालं. मुख्य व्हॉल्यूम फिरवला की नव्या स्पीकरचा आवाजही सोबत कमी-जास्त होईल.

ते नसेल तर 'टेप आउट' किंवा 'रेक आउट' बघा. इथून सिग्नल योग्य पातळीचाच मिळतो, पण तो व्हॉल्यूमच्या बटणाला जुमानत नाही. नव्या स्पीकरचा आवाज त्याच्यावरूनच वेगळा लावावा लागेल.

हेडफोनचं भोकही चालतं. पण बऱ्याच स्टिरिओंमध्ये तिथे पिन घातली की मुख्य स्पीकर गप्प होतात. दोन्ही एकत्र वाजवायचे असतील तर त्याचा उपयोग नाही.

यातलं काहीच नसेल तर हाय-लो कन्व्हर्टर नावाची छोटी डबी मिळते. गाड्यांच्या ऑडिओचं काम करणाऱ्यांना हे नाव नवीन नाही. ती स्पीकरच्या टोकांवरचा जोरकस सिग्नल लाइन पातळीवर आणते. एक सावधगिरी: काही ॲम्पमध्ये, विशेषतः छोट्या डिजिटल ॲम्पमध्ये, काळं टोक म्हणजे ग्राउंड नसतं. तिथे चुकीचा कन्व्हर्टर लावला तर ॲम्पच शॉर्ट होईल. मॅन्युअल वाचा, नाहीतर जाणकार मेकॅनिकला दाखवा.

पण हे खरं सराउंड आहे का?

खरं सांगायचं तर नाही. स्टिरिओ म्हणजे दोन चॅनल. त्यातून मागच्या स्पीकरला जे जातं, ते पुढचंच गाणं पुन्हा. खोली भरते, पण सिनेमातलं हेलिकॉप्टर डोक्यामागून जात नाही. त्यासाठी 5.1 आवाज वेगळा करणारा डिकोडर लागतो. तो एव्ही रिसीव्हरमध्ये असतो.

ब्लूटूथनेही हे साधत नाही. फोनवरून स्पीकरला गाणी पाठवणारं नेहमीचं ब्लूटूथ प्रोफाइल दोनच चॅनल नेतं. वर उशीर लागतो तो वेगळाच. समजा, पुढचे स्पीकर वायरवर आहेत आणि मागचे ब्लूटूथवर 150 मिलिसेकंद उशिरा वाजतात. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे मागचा स्पीकर जणू 50 मीटर लांब ठेवल्यासारखं ऐकू येईल. गाण्याचा पार विचका!

जुना स्टिरिओ वाचवायचा एक उलटा मार्ग मला जास्त आवडतो. प्री-आउट असलेला एव्ही रिसीव्हर घ्या. टीव्ही त्याला एचडीएमआय एआरसीने जोडा. रिसीव्हरचे पुढचे प्री-आउट स्टिरिओच्या ऑक्समध्ये द्या आणि मागचे प्री-आउट पॉवर्ड स्पीकरना. स्टिरिओचा व्हॉल्यूम एका ठिकाणी कायम ठेवा आणि बाकी सगळं रिसीव्हरवरून चालवा. बाबांचा स्टिरिओ पुढे, नवे स्पीकर मागे, भंगारात काहीच नाही.

जोडल्यावर घूं-घूं आवाज आला तर सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. आवाज थांबेल, पण जिवाशी खेळ होईल.

पुढे काय?

कंपन्यांचा कल वायरलेसकडे आहे. डॉल्बीने 2023 मध्ये ॲटमॉस फ्लेक्सकनेक्ट जाहीर केलं. त्यात टीव्ही आणि वायरलेस स्पीकर एकमेकांना ओळखून खोलीप्रमाणे आवाज जुळवून घेतात. सोय मोठी आहे, वायरींचं जंजाळ नाही. पण टीव्ही आणि स्पीकर दोघांनाही ती भाषा यायला हवी. साध्या आरसीए सॉकेटला असली अट नसते, म्हणून कित्येक दशकांपूर्वीचा स्टिरिओ आजही नव्या स्पीकरशी बोलू शकतो.

वायरलेस घेऊ नका असं मी म्हणत नाही. फक्त दुकानात विचारा: "उद्या ॲप बंद पडलं तर याला आवाज कुठून देता येईल?" दुकानदाराने मागचं एक तरी सॉकेट बोट ठेवून दाखवलं, तर खुशाल पैसे काढा.