घरे मोजता, तसे गाळेही मोजा
ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या सभागृहांना खुले पत्र

सन्माननीय महापौर आणि नगरसेवक यांस,


ठाण्यात किसननगरच्या गल्लीत सकाळी नऊच्या सुमारास तळमजल्यांची शटर एकेक करून वर जातात. दहा बाय पंधराच्या गाळ्यात एक लेथ, कोपऱ्यात ड्रिलिंग मशीन, दाराशी पितळेच्या किसाचे पोते. शेजारच्या वागळे इस्टेटमधल्या कंपनीचे जॉबवर्क इथे होते, दुपारपर्यंत माल टेम्पोत चढतो आणि कारागीर त्याच इमारतीचा जिना चढून घरी जेवायला जातो.

ही वस्ती क्लस्टर, म्हणजे समूह पुनर्विकास, योजनेत आहे. जून २०२३ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते योजनेचे भूमिपूजन झाले. योजनेच्या गरजेबद्दल कुणाचेच दुमत नसावे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ-डायघरच्या लकी कंपाउंडमध्ये बांधकाम सुरू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जण दगावले. धोकादायक इमारतीत लेकराबाळांसह जीव मुठीत धरून राहणाऱ्यांना पक्के घर मिळालेच पाहिजे, तेही लवकर.

पण पुनर्विकासाच्या चर्चेत शब्द ऐकू येतात ते एफएसआय, चटईक्षेत्र आणि सदनिकांचे. त्या इमारतींच्या पोटात चालणाऱ्या रोजगाराचे काय, हा प्रश्न कायम शेवटच्या पानावर राहतो. गाळा अनेकदा भाड्याचा असतो, करार तोंडी, वीजमीटर मालकाच्या नावावर. घर असलेल्याला पात्रता यादीत जागा मिळते. लेथ चालवणारा भाडेकरू यादीबाहेर राहिला, तर घर नवे येईल आणि पोट मात्र भिवंडी नाहीतर तळोजाच्या वाटेला लागेल.

या दोन शहरांनी हे आधी पाहिले आहे. राज्य औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) १९६२ मध्ये स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत वागळे इस्टेट. कामगार चालत कामावर जात. पुढे पोखरण रोडवरची रेमंडची गिरणी बंद झाली, तिथे निवासी मनोरे उभे राहिले. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरच्या गाड्या बनत, त्या जमिनीवरही गृहसंकुल आले. मोहने-आंबिवलीची एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली आणि तिचे कामगार थकीत देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडत राहिले. घरे वाढली, माणसे वाढली, काम मात्र मुंबईत गेले.

त्याची किंमत लोकलच्या दारात मोजली जाते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारात लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून रुळांवर पडले, चार जणांनी त्याच दिवशी प्राण गमावले. रेल्वेच्या उपायांवर बोलणे झालेच पाहिजे. पण डोंबिवलीच्या माणसाला डोंबिवलीत काम मिळाले, तर त्या दाराशी एक हात कमी लोंबकळेल, हेही तितकेच खरे. दहा गावांमध्ये कल्याण ग्रोथ सेंटरची घोषणा झाली, ती याच आशेवर.

डोंबिवली एमआयडीसीचा प्रश्न तर दाराशीच आहे. २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत, २३ मे २०२४ ला अमुदान कंपनीत. दोन स्फोटांनी शहर हादरले. घातक रसायनांचे कारखाने हलवण्याची मागणी योग्यच आहे. मात्र रिकाम्या होणाऱ्या भूखंडांवर पुन्हा मनोरेच उठले, तर शहराच्या हातून रोजगाराची उरलीसुरली जमीनही जाईल. तिथे अभियांत्रिकी, पॅकेजिंग, शीतगृहे, सॉफ्टवेअर असे बिनधोक उद्योगच यावेत, असा ठराव करून तो राज्य सरकारकडे पाठवणे सभागृहाच्या हातात आहे.

मुंबईत भेंडीबाजारच्या समूह पुनर्विकासात सुमारे ३,२०० कुटुंबांबरोबर सुमारे १,२५० दुकानेही हिशेबात धरली गेली. काम रेंगाळले, तक्रारीही झाल्या. पण दुकान हाही पुनर्वसनाचा घटक आहे, हे तिथे पहिल्या दिवसापासून मान्य होते. ठाणे-कल्याणमध्ये किमान तेवढे तरी व्हावे.

म्हणून प्रत्येक क्लस्टरच्या सर्वेक्षणात गाळ्यांची वेगळी नोंदवही ठेवावी: मशीन कोणती, हात किती, गाळा मालकीचा की भाड्याचा. पोळी-भाजी केंद्रात पहाटे चारला पिठाचा पहिला घाणा मळणाऱ्या बाईचेही नाव त्या वहीत यावे, कारण सव्वासातच्या लोकलने जाणाऱ्यांचे डबे तिच्याच ओट्यावरून निघतात. पाडकामाआधी त्याच प्रभागात संक्रमण गाळे द्यावेत. सहा महिने काम थांबले की लहान कारखानदाराची गिऱ्हाइके कायमची तुटतात. आणि नव्या संकुलातली कामाची जागा पुढे घरांसाठी वळवता येणार नाही, अशी अट मंजुरीतच घालावी.

१५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने दोन्ही शहरांना पुन्हा लोकनियुक्त सभागृह मिळाले. कल्याण-डोंबिवलीत त्याआधी पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकच होता. आता प्रश्न विचारायला माणसे आहेत. पुढचा क्लस्टर आराखडा पटलावर येईल तेव्हा, हात वर करण्याआधी, आयुक्तांना एवढेच विचारावे: या नकाशात गाळे किती आणि त्यांतल्या किती जणांना परत यायची जागा आहे?