सहा दिवसांचे घड्याळ आणि अहवाल वाचणारा डॉक्टर

झाशीच्या जुन्या शहरातील मानिक चौक म्हणजे भर बाजार. कंपवाताच्या, म्हणजेच पार्किन्सन्सच्या, रुग्णाची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते. गर्दीत, वळणावर, अरुंद दारात त्याचे पाऊल एकाएकी जमिनीला खिळते. तोच माणूस तज्ज्ञाच्या खोलीत, समोर मोकळी फरशी असताना, बऱ्यापैकी चालून दाखवतो. शिवाय भेटीची वेळ साधून गोळी घेतलेली असते ती वेगळीच. डॉक्टरांना दिसतो तो दिवसातला उत्तम पाव तास. उरलेला दिवस कुटुंबाच्या वाट्याला येतो.

उपचाराचा सगळा निर्णय मात्र त्या न दिसलेल्या दिवसावर अवलंबून असतो. लेव्होडोपाचा परिणाम काही वर्षांनी पुढच्या गोळीआधीच उतरू लागतो, प्रथिनयुक्त जेवणाने तो मंदावतो, मात्रा अधिक झाली तर शरीर आपोआप वळवळू लागते. गोळी वाढवायची, विभागून द्यायची की फक्त वेळ बदलायची, हे नोंदीशिवाय ठरत नाही. आणि रोजनिशी लिहायला सांगावी, तर याच आजारात अक्षर बारीक होत जाऊन वाचेनासे होते.

अंगावर बांधायची उपकरणे येथे उपयोगी पडतात. ऑस्ट्रेलियात विकसित झालेले ‘पीकेजी’ साधारण सहा दिवस मनगटावर बांधायचे. डोसची वेळ झाली की ते थरथरून आठवण देते आणि हालचालींतील चढउतार नोंदवते. बार्सिलोनातील ‘स्टॅट-ऑन’ कमरेला बांधतात. खिळणारे पाऊल ते टिपते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये या दोहोंसह पाच उपकरणांची शिफारस केली, पण सशर्त : वापराबरोबर आणखी पुरावा गोळा झाला पाहिजे. मला शिफारशीपेक्षा ती अट मोलाची वाटते. ई-रिक्षाचे हादरे, कणीक मळणारे हात, जमिनीवर मांडी घालून बसणे, यांतून आजाराची हालचाल अचूक वेगळी काढता येते का, हे आपल्याच रुग्णांवर तपासावे लागेल.

आपल्याकडील चर्चा मात्र या उपकरणांकडे खरेदीची वस्तू म्हणून पाहते, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. परदेशातील मुलाने आईवडिलांसाठी घड्याळ पाठवले, आलेख मोबाइलवर उमटले, पण ते पाहून गोळी बदलणारा कोणी नसेल तर घरातली काळजी तेवढी वाढते. झाशीहून दिल्ली सुमारे चारशे किलोमीटरांवर आहे. ज्याला उठून उभे राहायला मदत लागते, त्याला दर भेटीसाठी हा प्रवास करायला लावणे ही आजची व्यवस्था आहे.

सहा दिवसांत काम संपणारे यंत्र एकाच रुग्णाच्या मालकीचे असण्याचे कारण नाही. ने-आण आणि स्वच्छतेसाठी तीन दिवस धरले, तरी एक यंत्र वर्षभरात चाळीस रुग्णांपर्यंत पोहोचते. झाशीचे महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय बुंदेलखंडासाठी असे केंद्र होऊ शकते. तेथे यंत्र द्यावे, परत घ्यावे, अहवाल दूरच्या तज्ज्ञाला पाठवावा. दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे २०२० पासून लागू आहेतच. मराठवाडा-विदर्भातील शासकीय महाविद्यालयांनाही हीच रीत लागू पडेल.

अडचण पैशाच्या रचनेत आहे. आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून सत्तरीपुढील सर्व नागरिक आले, पण तिचे संरक्षण रुग्णालयात दाखल होण्याभोवती बेतलेले आहे. घरी राहून होणारी देखरेख तिच्या चौकटीत कोठेच बसत नाही. म्हणजे पडून खुब्याचे हाड मोडले तर शासन पैसे देणार, आणि पडणे टाळणाऱ्या तपासणीला देणार नाही! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत पार्किन्सन्सचा नामोल्लेख आहे. त्या उल्लेखाला आर्थिक तरतुदीची जोड देण्याची सुरुवात या एका तपासणीपासून करता येईल.

यंत्रांच्या निविदेत दोन गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात. नोंदींवर रुग्णाचा हक्क राहील आणि त्याच्या संमतीशिवाय त्या कंपनीच्या किंवा विमेदाराच्या हाती जाणार नाहीत. आणि प्रत्येक अहवाल ठरलेल्या मुदतीत वाचण्याची जबाबदारी एका नेमलेल्या डॉक्टरवर असेल.