स्पर्धेची फी भरायची का? आधी विचारा, त्या फीत मिळतं काय



दिवाळी जवळ आली की आमच्या शहापूरच्या दुकानात दोन गोष्टी वाढतात. एक म्हणजे काचेच्या बरण्या आणि पाउचची मागणी. दुसरी म्हणजे मोबाईल पुढे करून विचारलेला प्रश्न, "ताई, हा फॉर्म आलाय, भरू का?" कधी मसाला स्पर्धा, कधी लोणचं-पापड स्पर्धा, कधी फराळ स्पर्धा. फी कुठे शंभर, कुठे पाचशे, कुठे त्याहून जास्त. आणि खाली बारीक अक्षरात अटींची यादी.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. स्पर्धेला फी ठेवणं यात मला काही गैर वाटत नाही. हॉलचं भाडं आहे, मांडव आहे, परीक्षकांचा येण्याजाण्याचा खर्च आहे. फी असली की फुकटचे पन्नास फॉर्म भरून वीसच जण हजर, असंही होत नाही. पण फी घेतली की आयोजक तुमचा देणेकरी झाला. त्या पैशांत तो तुम्हाला नक्की काय देतो, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि आपल्याकडे हे कोणी विचारतच नाही. बक्षीस मिळालं तर पाहुण्यांबरोबर फोटो, नाही मिळालं तर रिकामी पिशवी घेऊन घरी.

आता हिशोब करू. व्हिडिओत मी नेहमी म्हणते तसं, वही काढा.

धरून चला, धसईची एक ताई करवंदाचं लोणचं करते आणि ठाण्याच्या एका स्पर्धेत उतरते. फी ५०० रुपये. नमुना म्हणून पाव किलोच्या तीन बरण्या द्यायच्या, विक्रीची किंमत १२० धरली तर ३६०. मुरबाडला रेल्वे नाही, म्हणजे आधी एसटीने कल्याण, मग लोकल, मग रिक्षा. एका खेपेला जाऊन-येऊन २०० धरा. एकदा नमुना द्यायला, एकदा निकालाला, झाले ४००. दोन दिवसांचा रोज बुडाला तो ३०० प्रमाणे ६००. बेरीज १,८६०. तिला एका बरणीमागे ४० रुपये सुटतात. म्हणजे ४७ बरण्या विकल्यावर या एका स्पर्धेचा खर्च निघाला. आता ठाण्यातच राहणारी दुसरी बाई घ्या. तीच फी, त्याच तीन बरण्या, रिक्षाचे शंभर-दीडशे, आणि नमुना द्यायला पंधरा मिनिटं. फॉर्मवर दोघींची फी सारखी आहे. खर्च मात्र एकीचा दुसरीच्या जवळपास दुप्पट.

म्हणून "सगळ्यांना एकच फी, म्हणजे न्याय" हे म्हणणं मला पटत नाही. नमुना शहापूरला किंवा मुरबाडला तालुक्याच्या ठिकाणी जमा करून घेतला, निकाल फोनवर कळवला, तर आयोजकाचा असा किती खर्च वाढणार आहे? एक टेम्पो. तेवढ्याने धसईच्या ताईचा बुडालेला रोज वाचतो.

बाहेर हे कसं चालतं याचं एक उदाहरण देते. ऐकायला विचित्र वाटेल, कारण ते बिअरचं आहे. अमेरिकेत घरी बिअर बनवायला १९७८ साली केंद्र सरकारच्या कायद्याने मोकळीक मिळाली, आणि १९७९ पासून घरगुती बिअर बनवणाऱ्यांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. (आपल्याकडे हा प्रयोग करू नका. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी दारू किंवा बिअर बनवणं हा गुन्हा आहे. मोहाची फुलं वेचण्या-साठवण्यावरची बंधनं २०२१ मध्ये सरकारने सैल केली, पण त्या फुलांचे लाडू करा, सरबत करा, पुढे जाऊ नका.) तर त्या बिअरच्या स्पर्धांनाही प्रवेश फी असते, आणि तिकडेही लोक ती जास्त आहे म्हणून कुरकुर करतात. पण त्यांच्या पद्धतीतल्या तीन गोष्टी मला फार आवडल्या.

पहिली म्हणजे गुणपत्रिका. ५० गुणांची असते. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५, आणि एकूण मताला १०. परीक्षक निदान दोन, आणि प्रत्येकाने कुठे काय चुकलं ते लिहून द्यायचं. बक्षीस मिळो न मिळो, तो कागद स्पर्धकाच्या हातात येतो. म्हणजे हरलेल्या माणसालाही फीच्या बदल्यात काहीतरी मिळालं. आपल्याकडच्या पापडाच्या स्पर्धेत "पापडखार जास्त झालाय, तळल्यावर लालसर पडतो" एवढी एक ओळ जरी लिहून मिळाली ना, तर पाचशे रुपये वसूल. असा सल्ला द्यायला एखादा जाणकार एरवी जास्त पैसे घेईल.

दुसरी गोष्ट, बाटली कोरी. लेबल नाही, नाव नाही, फक्त नंबर. परीक्षकाला कळतच नाही कोणाचा माल आहे. आणि आपल्याकडे? अटीतच लिहिलेलं असतं, "आकर्षक ब्रँड लेबलसह नमुना सादर करावा." मग चव बघताय की छपाई? पॅकिंगला वेगळं बक्षीस ठेवा ना. मी स्वतः पॅकिंगचं सामान विकते, चांगल्या लेबलवर माझं पोट आहे, तरी सांगते की चवीच्या टेबलावर लेबल नको. रंगीत रोल छापून घेणारी आणि साध्या बरणीवर हाताने नाव लिहिणारी, दोघींचं लोणचं चमच्यावर सारखंच दिसलं पाहिजे.

तिसरी, घरगुती म्हणजे घरगुती. त्या राष्ट्रीय स्पर्धेत कारखान्याच्या यंत्रावर बनवलेली बिअर चालत नाही. आपल्याकडे मात्र "घरगुती मसाले" या गटात महिन्याला दोन पोती मिरची दळणारा आणि खलबत्त्यात कुटणारी एकाच रांगेत उभे असतात. मोठ्याने येऊच नये असं मी म्हणत नाही. त्याचा गट वेगळा करा.

आता अटींकडे येऊ, कारण खरं गाडं अडतं ते तिथे.

एफएसएसएआय नोंदणी मागितली तर रागावू नका. विक्री होणार असेल तर ती अट बरोबरच आहे. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे आणि त्यात छोट्या उत्पादकाला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते. २०११ च्या नियमांत त्यासाठी वर्षाला १२ लाखांच्या उलाढालीची मर्यादा आणि वर्षाला १०० रुपये फी ठेवली होती. या मर्यादा सरकार बदलत असतं, म्हणून अर्ज करताना फॉसकॉस पोर्टलवर आजचा आकडा बघा. पण एजंटला दोन हजार देऊन "लायसन काढून घेतलं" असं मला येऊन सांगू नका, जीव तुटतो. उद्यम नोंदणीचंही तेच. ती पूर्ण मोफत आहे, आधार क्रमांकावर होते, तरी पाचशे रुपये घेणारे बसलेलेच आहेत.

मात्र जिथे विक्रीच नाही, चार परीक्षक चमचाभर चाखणार आणि उठणार, तिथे नोंदणी नाही म्हणून दारातून परत पाठवणं मला जास्तीचं वाटतं. घटक पदार्थांची यादी घ्या, बनवल्याची तारीख घ्या, स्वच्छतेबद्दल सही घ्या. नवीन बाई स्पर्धेत येते तीच मुळी धंदा करावा की नाही हे ठरवायला. तिला आधी धंदा सुरू करून ये म्हणणं म्हणजे पोहायला शिकल्याशिवाय पाण्यात उतरू नको म्हणण्यासारखं झालं.

जीएसटी नंबर मागणारे फॉर्म तर मी थेट बाजूला ठेवायला सांगते. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. कायदा जे मागत नाही ते एखादी लोणच्याची स्पर्धा का मागते? आयोजकाला फीच्या पावतीसाठी रकाना भरायचा असतो, एवढंच कारण असतं बऱ्याचदा. फोन करून विचारा. "नसेल तर चालेल" असं उत्तर आलं तर ते फॉर्मवर का लिहिलेलं नाही, हेही विचारा. कारण तो रकाना बघून दहा बायका फॉर्म न भरताच घरी बसलेल्या असतात, आणि त्या कुठल्याच मोजणीत येत नाहीत. प्रयोगशाळेच्या तपासणी अहवालाचंही असंच आहे. मोठ्या दुकानात माल ठेवायचा तर तो लागेल, तेव्हा त्यावर खर्च कराच. तीन बरण्यांसाठी काही हजारांचा अहवाल मागणं म्हणजे बारा आण्याची कोंबडी अन् रुपयाचा मसाला.

फी नाही म्हणजे सगळं आलबेल, असंही समजू नका. ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमाराला कृषी विभाग आणि आत्मा यांचे रानभाजी महोत्सव होतात. उपक्रम चांगलाच आहे, शहरातली माणसं टाकळा आणि करटोली विचारत येतात. पण शेवळं येतात जूनच्या पहिल्या पावसात आणि थोड्याच दिवसांत संपतात. शेवळं करणं ही खरी परीक्षा. काकडं घालून त्यांची खाज मारता आली पाहिजे, नाहीतर घास घशातच अडकतो. ज्या ठाकूर, कातकरी बायकांच्या हाताला ते जमतं त्यांची सगळ्यात अवघड भाजी स्पर्धेच्या टेबलावर येतच नाही, कारण तारीख ऑगस्टची. त्यातून लावणी उशिरा चालू असेल तर बाई शेतात असते. इथे फी शून्य आहे, अट एकच, तारखेची. आणि तीच सगळ्यात महाग पडते.

आणखी एक प्रकार आहे त्याच्याबद्दल मात्र मी अजिबात गोड बोलणार नाही. "अभिनंदन! आपली यशस्वी उद्योजिका पुरस्कारासाठी निवड झाली आहे. नोंदणी शुल्क अमुक हजार." तुम्ही अर्ज केला नाही, तुमचा माल कोणी चाखला नाही, तरी निवड झाली! मलाही असा मेसेज आला होता. मी विचारलं, परीक्षक कोण होते? फोन ठेवून दिला. ही स्पर्धा नव्हे, ट्रॉफीची विक्री आहे. तेवढ्या पैशांत सीलिंग मशीन येतं.

बक्षिसाने गिऱ्हाईक वाढतं का, असंही विचारता तुम्ही. थोडंफार वाढतं, आठवडाभर. आपल्या शहापूरच्या कातकरी तरुणांचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. वन धन केंद्राच्या माध्यमातून त्यांनी गुळवेल गोळा करून, वाळवून मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांना विकली. २०२१ पर्यंत दीड कोटीच्या वर ऑर्डर मिळाल्या. त्यांना कोणी मानचिन्ह आहे का असं विचारलं नव्हतं. माल स्वच्छ, वाळलेला आणि वेळेवर पाहिजे होता. त्यामुळे स्पर्धेत कोण बघायला येणार आहे हे बक्षिसाच्या रकमेआधी विचारा. ठाण्या-कल्याणचे दुकानदार येणार असतील तर पाचशे रुपये मीसुद्धा भरीन. फक्त नातेवाईक आणि पाहुणेच येणार असतील तर नाही.

प्रदर्शनातल्या स्टॉलचं गणित वेगळं आहे, तिथे निदान रोखीत विक्री होते. एमएसएमई मंत्रालयाच्या खरेदी व विपणन सहाय्य योजनेत ठरावीक प्रदर्शनांचं स्टॉलभाडं मर्यादेत परत मिळतं. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांना पूर्ण, बाकीच्यांना ८० टक्के, आणि त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. अडचण एवढीच की आधी पैसे आपल्या पदरचे घालायचे आणि नंतर वाट बघायची. ज्या गटाकडे दोन महिन्यांचं भांडवल अडकवायची ताकद आहे त्यांनी जरूर बघावं. नाहीतर आपली म्हशाची यात्रा आहेच, पौष पौर्णिमेला. बैल आणि घोंगड्या घ्यायला आलेला माणूस घरी जाताना मसाला आणि पापडही नेतो. तिथे जागेचं भाडं काय, पावती कोण देतं, हे महिनाभर आधी जाऊन विचारून ठेवा.

आपल्या दोन तालुक्यांत स्पर्धा घेणाऱ्या मंडळांना आणि संस्थांना माझी विनंती आहे. फी ठेवा, पण पहिल्यांदा येणाऱ्याला निम्मी ठेवा. नमुना तालुक्यात जमा करा. बरणीवर फक्त नंबर टाका, आणि प्रत्येक स्पर्धकाला गुणांचा कागद हातात द्या. वास, रंग, चव, टिकाऊपणा, एवढे चार रकाने असलेला एक नमुना मी बनवून ठेवलाय. दुकानात या, झेरॉक्स घेऊन जा. त्याचे पैसे घेणार नाही.