गुणवत्ता कशाची तपासायची?

लैंगिक आरोग्याच्या सरकारी तपासणी केंद्रांत ‘गुणवत्ता’ हा शब्द वारंवार कानावर येतो. किटची मुदत संपली का, फ्रिजचे तापमान लिहिले का, फेरतपासणीचे नमुने वरच्या प्रयोगशाळेत गेले का. हा तांत्रिक भाग म्हणून आपण संघटनांनी कधी त्यात डोके घातले नाही. मला वाटते, घालायला हवे. निकाल चुकला तर तो भोगायचा बाईनेच.

गरोदरपणात सिफिलिससाठी होणारी व्हीडीआरएल घ्या. जुनी, स्वस्त चाचणी. रक्तजलात अँटिजेन मिसळून काचपट्टी मिनिटाला 180 फेऱ्यांनी 4 मिनिटे फिरवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या दिसतात का पाहायचे. अँटिजेनचे मिश्रण रोज ताजे करायचे. खोली तापली, वीज गेली, कालचेच मिश्रण वापरले, की निकालावर भरवसा उरत नाही. शिवाय ही चाचणी सिफिलिसचा जंतू थेट ओळखत नाही. मलेरिया, कुष्ठरोग, क्वचित नुसते गरोदरपण, एवढ्यानेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून टीपीएचएसारख्या दुसऱ्या चाचणीने खात्री करायची असते. पोटातल्या बाळासाठी पेनिसिलिनचे इंजेक्शन लगेच द्यावे हे बरोबरच. पण खात्री होण्याआधी सासूसमोर ‘गुप्तरोग’ हा शब्द उच्चारायची काय गरज?

एचआयव्हीचा साधा हिशेब करून पाहा. समजा हजार बायकांत एकीला लागण आहे आणि चाचणी इतकी चांगली की निरोगी शंभरांपैकी साडेनव्व्याण्णव जणींना ती बरोबर निगेटिव्ह ठरवते. तरीही पहिल्या फेरीत सहाजणी पॉझिटिव्ह येतील आणि त्यांतल्या पाच निरोगी असतील! म्हणून तर वेगवेगळ्या तीन चाचण्या झाल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणायचे नाही असा आपल्याकडे नियम आहे. आणि मी मात्र प्रसूतीच्या वॉर्डात पहिल्याच चाचणीवर केसपेपरला लाल शाईचा शेरा मारलेला पाहिला आहे. आया, वॉर्डबॉय, शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक, सगळ्यांना दिसेल असा. प्रयोगशाळेच्या गुणवत्तेत हा शेरा कुठेच मोजला जात नाही.

आता आकड्यांविषयी. केंद्राचा आकडा म्हणजे तिथवर पोचलेल्यांचा आकडा. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या. त्यांचा निबंध 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. 92 टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. म्हणजे दवाखान्याचे रजिस्टर कोरे, आणि बायका मुकाट आजारी. तेव्हा तालुक्याचा आकडा कमी आला म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्या साहेबांना विचारावे, बाई आली कशी असती? बस किती वाजता आहे, तपासायला बाई डॉक्टर आहे का, आडोशाला पडदा तरी आहे का?

जी येते तिची नोंद तरी कशी होते? अंगावरून पांढरे जाते म्हणून सांगितले की हिरवे किट मिळते. त्यातली औषधे ज्या आजारांवर आहेत त्यांतला ट्रायकोमोनासच तेवढा मुख्यतः संबंधातून पसरतो. नोंद मात्र एसटीआय-आरटीआय अशा जोडनावाखाली पडते आणि घरी पोचेपर्यंत ‘गुप्तरोग’ एवढेच उरते.

सर्वांत जास्त राग मला तारखेच्या रकान्याचा येतो. बाई गरोदर म्हणून तिची तपासणी आधी होते. नवऱ्याची नंतर होते किंवा होतच नाही. लागण कोणापासून कोणाला झाली हे तपासणीच्या तारखेवरून कळत नाही, हे शाळकरी पोरालाही समजावे. पण कागदावर तिचे नाव आधी, म्हणून घरात आणणारी तीच ठरते. अशी माहेरी धाडलेली बाई तुमच्या-माझ्या कामात किती वेळा भेटली आहे!

एचआयव्ही-एड्स कायदा 2017 साली झाला, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. समजावून सांगून संमती, चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन, माहितीची गुप्तता, हे सगळे त्यात आहे. प्रत्यक्षात सकाळच्या गर्दीत ‘इथे सही कर’ एवढीच संमती. याचा दोष मी एकट्या समुपदेशकाला देणार नाही. कंत्राटावर राबणारी ती बाईही रजिस्टरे भरून मेटाकुटीला आलेली असते. रजिस्टर वाढवा असे कोणीच म्हणत नाही, मीही नाही.

पण रुग्ण कल्याण समितीवर आपल्यापैकी कोणी असेल तर पुढच्या बैठकीत एवढे मागावे: तपासलेल्या गरोदर बायकांच्या आकड्याशेजारी तपासलेल्या नवऱ्यांचा आकडा, केसपेपरवरचा शेरा बंद, आणि वर्षातून दोनदा, तपासणी करून गेलेल्या बायकांना कर्मचाऱ्यांच्या पाठीमागे विचारायचे, की तुझे रक्त कशासाठी घेतले हे तुला कोणी सांगितले होते का. विचारायचे काम संघटनेने घ्यावे.