क्षेत्र-वास्तूचं परिमाण आणि टेकडीवरचा फ्लॅट



आज थोडं कडक लिहिणार आहे. पुण्याच्या टेकड्यांवर घरं बांधू द्यावीत का, हा वाद कित्येक वर्षं चालू आहे. १९९७ मध्ये तेवीस गावं महापालिकेत आली. त्यांच्या विकास आराखड्यात बाणेर, बावधन, वारजे, कात्रज, कोंढवा या बाजूच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण सुचवलं गेलं आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने ९७८ हेक्टरवर ते मंजूर केलं. पेपरात बीडीपी, बीडीपी म्हणून येतं ते हेच. आरक्षण झालं तरी कुरतडणं थांबलेलं नाही. दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी उठतं आणि म्हणतं, सगळी नको, पण थोडी तरी टेकडी मोकळी करा. चार टक्के द्या, आठ द्या, दहा द्या.

माझं उत्तर शून्य आहे.

चार टक्के ऐकायला किती सोज्वळ वाटतं! ९७८ हेक्टरचे चार टक्के म्हणजे ३९ हेक्टर, आणि तेही फक्त इमारतींचे. वर घर बांधलं की वर रस्ता न्यावा लागतो, आणि तो सरळ जात नाही, उतार कापत वळणं घेत जातो. मग पाण्याची टाकी, ड्रेनेज, विजेचा डीपी, कंपाऊंड, गाड्यांची जागा. घराचे टक्के कागदावर मोजतात, रस्त्यासाठी कापलेल्या उताराचे कोण मोजतं? एकास पाचपेक्षा जास्त चढ असेल तिथे बांधकाम नको हा नियम आहेच. पण आधी जेसीबीने टेकडी सपाट केली की चढच उरत नाही. पावसाळ्यानंतर कात्रजच्या बाजूला जाऊन या, लाल मातीचे ताजे ओरखडे रस्त्यावरून दिसतात.

हे बायकांना कशाला सांगायचं, असं कोणी म्हणेल. कारण फ्लॅट आपल्या नावावर घेतले जातात. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तेव्हापासून आपल्यातल्या कितीतरी जणी अचानक मालकीण झाल्या! "इथे सही कर" म्हटलं की आपण सही करतो. मागच्या महिन्यात भिशीला एक ब्रोशर फिरत होतं. टेकडीच्या कुशीत, पहाटे मोरांचा आवाज, असं सगळं. घेणाऱ्या तिघींपैकी राहायला जाणारी एकही नव्हती. एकीचा तो तिसरा फ्लॅट. "पडून राहील, भाव वाढेल," असं ती सहज म्हणाली. मोराचं मात्र कोणी विचारलं नाही, की इमारत झाल्यावर तो राहणार कुठे.

आपण रोज काय करतो ते बघा. पाणी गाळून पितो. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चिरत नाही. बटाटा, कांदा, गाजर घरात आणत नाही, कारण एका कंदात अनंत जीव आणि तो उपटताना मातीतले आणखी किती तरी. सासूबाईंना भाजीच्या पिशवीत चुकून आलेला आल्याचा तुकडासुद्धा चालत नाही. आणि त्याच घरातून बुकिंगचा चेक जातो, ज्या पैशावर पोकलेन टेकडीत तीन मजले खोल खड्डा खणतो. पार्किंगसाठी! पृथ्वीकाय आणि वनस्पतिकाय काय फक्त स्वयंपाकघरातच असतात?

हे माझ्या मनाचं नाही. समंतभद्राचार्यांचा रत्नकरंड श्रावकाचार पाठशाळेत झालेला असेल, तर अनर्थदंडव्रत आठवा. विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडं-वेली तोडणं याला तिथे प्रमादचर्या म्हटलं आहे. श्वेतांबर मैत्रिणींना पंधरा कर्मादानं पाठ असतात. त्यात वनकर्म आहे, जमीन फोडण्याचं स्फोटकर्मही आहे. आणि तत्त्वार्थसूत्रात परिग्रह-परिमाणाचे अतिचार सांगताना पहिली जोडी कोणती येते? क्षेत्र आणि वास्तू. शेतजमीन आणि घर. सोनं-चांदीही त्यानंतर. आपण साड्यांचं परिमाण घेतो, ताटातल्या पदार्थांचं घेतो, प्रवासाच्या दिशांचं घेतो. घरांचं परिमाण घेतलेली बाई मला तरी अजून भेटलेली नाही.

कोणी म्हणेल, राहायला घर लागतं, ते विनाकारण कसं? राहायला लागतं तेव्हा नाहीच विनाकारण. पण टेकडीवर बांधतात ते कोणासाठी? २०१२ मध्ये केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने देशातल्या शहरांतली घरांची तूट पावणेदोन कोटींच्या वर सांगितली होती. त्यातली ९५ टक्क्यांहून जास्त तूट गरीब आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची होती. दुसरीकडे २०११ च्या जनगणनेत शहरांमध्ये एक कोटीहून जास्त घरं रिकामी सापडली. आपल्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींना टेकडीवरचा फ्लॅट परवडणार आहे का? मग त्यांच्या नावाने टेकडी का मागता?

दुसरा युक्तिवाद मला जास्त चीड आणतो. "तिथे आहे काय, पडीक माळ तर आहे." मार्चमध्ये बघाल तर पिवळं गवत आणि खडक दिसतो, खरं आहे. आपल्याला झाडं मोठी आणि हिरवीगार असली की निसर्ग वाटतो. पण ही बेसाल्टची टेकडी आहे, मातीचा थर पातळ, आणि तिच्यावर शोभतं ते गवत, बारतोंडी, मेडशिंगी, सालई. पहिल्या पावसानंतर आठ दिवसांनी जा. जिथे काही नव्हतं तिथे पाय ठेवायला जागा नसते, इतके जीव. आपले मुनिमहाराज चातुर्मासात विहार थांबवतात ते ह्याच मातीसाठी. पडीक हा शब्द सातबाऱ्यावरचा आहे, त्याचा अर्थ तिथे पीक घेत नाहीत एवढाच.

आणि तीच पातळ माती, तेच गवत पावसाचं पाणी धरून ठेवतं. ते काढून सिमेंट केलं की सगळं पाणी एकदम खाली येतं. जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्यापलीकडे सातारा रस्त्यावर एका पावसात पाण्याचा असा लोंढा आला की गाडीतली आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेल्या. वर बेकायदा डोंगर कापला होता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणारा आंबिल ओढा चढला आणि शहरात वीसहून जास्त माणसं गेली. ओढ्यातली अतिक्रमणं, अडवलेले प्रवाह, तुंबलेले पूल, कारणं बरीच होती. पण ओढ्याला पाणी येतं ते टेकडीवरूनच. सहकारनगर, पद्मावती, अरण्येश्वर भागात आपली कितीतरी घरं आहेत. त्या रात्री तळमजल्यावर काय झालं ते त्यांना विचारा.

एका बाजूचं मात्र खरं आहे, ते सांगायलाच हवं. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी आरक्षणात गेल्या त्यांच्यावर अन्याय झाला आहे. मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर देऊ केला, तो कोणाला पटला नाही, आणि बहुतेक जमीन आजही महापालिकेच्या ताब्यात नाही. म्हणूनच तिथे गुंठ्या-गुंठ्याने विक्री होते आणि पत्र्याच्या शेड उभ्या राहतात. उड्डाणपुलांना पैसा असतो तर त्यांनाही योग्य दाम द्या. दाम दिला नाही म्हणून टेकडी बिल्डरला द्यायची, हा कसला न्याय?

आता अवघड भाग. बांधणाऱ्यांत आपली माणसं आहेत. अभिषेकाची मोठी बोली त्यांचीच असते, संगमरवरी पाटीवर नाव त्यांचंच असतं, आणि त्यांच्या घरच्या बायका आपल्या शेजारी बसून पूजा करतात. म्हणून कोणी बोलत नाही. मला हे गप्प बसणं मान्य नाही. डिसेंबर २०२२ मध्ये शिखरजी पर्यटनस्थळ होणार म्हटल्यावर आपण रस्त्यावर उतरलो आणि ५ जानेवारी २०२३ ला केंद्राला माघार घ्यावी लागली. २०२५ मध्ये मॉडेल कॉलनीतल्या आपल्या बोर्डिंगच्या जागेसाठी पुन्हा उतरलो आणि तो व्यवहार रद्द झाला. म्हणजे जमीन कशी वाचवायची हे आपल्याला चांगलं येतं. बावधनच्या टेकडीवर मंदिर नाही, एवढाच फरक आहे का?

करायचं काय, तर सहीपूर्वी झोन दाखला मागा. महापालिकेत मिळतो, त्यात जमीन कोणत्या आरक्षणात आहे ते लिहिलेलं असतं. महारेराच्या साइटवर प्रकल्पाचे कागद बघा, सर्वे नंबर जुळवून घ्या. "आरक्षण उठणारच आहे" असं सेल्समन म्हणाला तर ते लेखी मागा, तो देणार नाही. आरक्षणात बदल करायचा असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली आधी जाहीर सूचना काढावी लागते आणि हरकतींसाठी महिना मिळतो. हरकत कोणीही घेऊ शकतं, वकील लागत नाही. साध्या कागदावर नाव, पत्ता, सूचनेचा क्रमांक, आपलं म्हणणं आणि सही. दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर पोच घ्यायची.

मराठीतला नमुना मी लिहून ठेवला आहे. चतुर्दशीला मंडळात झेरॉक्स घेऊन येते. घरांचं परिमाण घ्यायचं असेल तर त्याची वहीही सोबत आणते.